विनंतीचं इंग्रजी

सोमवार, ३ ऑक्टोबर

ही वही मी हौसेने आणलेली नाही. काल जेवताना मी ह्यांना सेंटरमधली हकिकत सांगत होते, तर ह्यांनी कानातलं मशीन काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. विचारलं, हे काय? म्हणाले, बॅटरी वाचवतोय. वर म्हणाले, तू हे सगळं लिहून काढ, कागदाला मशीन लागत नाही. इतक्या वर्षांच्या संसाराचं हे फळ. म्हणून लिहिते. वाचणार कोणी नाही, तेव्हा खरं तेच लिहीन.

सेंटर म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचं कम्युनिटी सेंटर. तिथे सोमवारी आणि गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी इंग्रजी शिकवते. विद्यार्थी म्हणजे आपापला देश सोडून या इंग्रजी मुलखात आलेली माणसं. काही लढाईतून जीव वाचवून आलेली, काही पोटामागे आलेली. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तेही बी.ए.ला काही अर्थ होता त्या काळात. पगार नाही. आभारही नाहीत, पण ते मी मनाला लावून घेत नाही.

संकल्प: या वहीत तक्रार करायची नाही.

खोली आजही घाण होती. टेबलावर कोणाचा तरी कप, तळाशी साखर आणि वाळलेली साय, त्यात चमचा उभा चिकटलेला. मी अत्यंत शांतपणे विचारलं की हे इथे कोणी ठेवलं? याला तुम्ही स्वच्छ म्हणता? मग तितक्याच शांतपणे पुन्हा विचारलं. पलीकडच्या हॉलमध्ये टेबल टेनिस चालू होतं, ते थांबलं. बहुतेक त्यांचा बॉल हरवला असावा.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

वर्गात अकरा जण. वहीत त्यांना धंद्यावरून लिहिते, सोपं पडतं. गवंडी पहिल्या रांगेत, नखांत सिमेंट. बेकरीवाला पहाटेपासून भट्टीपुढे असतो म्हणून दुपारी पेंगतो आणि दर वेळी उशिरा येतो. शिंपीण सगळ्यांत हुशार, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. बाकीचे बाकीच्यांसारखे.

माझी पद्धत: आधी विनय, मग व्याकरण. परक्या मुलखात माणसाला मागावंच लागतं, तर नीट मागायला शिका. त्यासाठी मी स्वतः इंग्रजीत ‘विनंतीपाठ’ तयार केला आहे. आपल्या बहुमोल वेळातला अल्पसा वेळ मला दिलात तर मी आपली अत्यंत ऋणी राहीन, अशा धर्तीची पानभर वाक्यं. कॉलेजात प्रिन्सिपॉलना अर्ज करायचा तर आम्ही असंच लिहायचो. सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या. शिंपिणीने ती घडी घालून अशी ठेवली, जसा देवाचा अंगारा. काय उपयोग? वाचायला सांगितलं तर ओठ हलतात, आवाज नाही.

शेजारच्या खोलीत दुसरा मास्तर असतो. त्याला मी गिटार म्हणते, कारण तो गिटार घेऊन शिकवतो. रंगांची गाणी, फळांची गाणी, टाळ्या. दाढी वाढलेली, पायात स्लिपर. आपल्याकडचाच, म्हणून मला काकू म्हणतो. मी याची काकू कधी झाले? माझ्यातले बरेच जण मंगळवारी त्याच्याकडेही जातात. जाऊ देत. आजारी माणूस एक डॉक्टर सोडून दहा ठिकाणी हिंडतोच.

बेकरीवाला अर्धा तास उशिरा. मी सौम्यपणे विचारलं, ही काय यायची वेळ झाली? तो ओव्हनबद्दल काहीतरी सांगू लागला. म्हटलं, कारणं नकोत, वेळेवर कधी येणार ते सांगा. आणि माझ्याकडे बघून बोला, मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. बिचारा पांढराफटक पडला. भाषेची भीती असते या लोकांना.

शनिवार, ८ ऑक्टोबर

शिंपिणीने घरी बोलावलं होतं. तळमजल्यावर दोन खोल्या. वरच्या मजल्यावरची पाइप कुठेतरी फुटली आहे आणि पाणी भिंतीत मुरतं. पलंगामागची भिंत छतापर्यंत काळी, बुरशीने. हात लावला तर पोपडा हातात आला, ओला, मऊ. मी तो हात सबंध वेळ अंगापासून लांब धरून बसले. तिची पाच वर्षांची मुलगी त्याच पलंगावर झोपते. खोकते ते ऐकवत नाही. खोकला थांबला की छातीत शिट्टी वाजते. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, थंडीच्या आत हिला या खोलीतून हलवा.

तिने ऑफिसचं पत्र पुढे केलं. घरं देणाऱ्या या ऑफिसकडे एक कोरडा फ्लॅट रिकामा आहे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत ऊन येणारा. मागणारी कुटुंबं दोन. १९ तारखेला, बुधवारी, हिला बोलावलं आहे. समोर उभं राहून आपली अडचण सांगायची, त्याच दिवशी ठरणार. दुभाषा मिळणार नाही, असंही कळवलं आहे. नवरा गोदामात कामाला. रजा मागितली तर कामावरूनच काढतील. म्हणजे बोलायचं हिने, जिच्या तोंडून मला अजून सबंध वाक्य ऐकायचं आहे.

मी म्हटलं, तू चिंता करू नकोस. तुला असं तयार करते की ऑफिसर उठून खुर्ची देईल. आणि ऐन वेळी पाय डगमगले तर मी सोबत आहेच. मी बोलेन.

घरी येऊन हात तीनदा धुतला. ह्यांना भिंतीचं सांगितलं. ह्यांनी मशीन काढलं नाही. म्हणाले, पोरीचं वाईट वाटतं गं.

सोमवार, १० ऑक्टोबर

विनंतीपाठ, वाक्य पहिलं. गवंडी ‘आपल्या बहुमोल’ इथपर्यंत चढतो आणि परात हातातून सुटावी तसा खाली येतो. बेकरीवाला ‘ऋणी’ ऐकून झोपला. शिंपीण उभी राहिली, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बसली.

मी आवाज चढवला नाही. फक्त म्हटलं, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पाच-सहा वेळा म्हटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ‘लाल, निळा, पिवळा’ सुरू झालं. आमच्यातल्या दोघांचे पाय ठेका धरू लागले. पाय! वीट आला आहे.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

आज एक लाजिरवाणा प्रकार झाला. आमच्या खोलीतला दिवा दोन आठवडे बंद आहे. केअरटेकर शिडी घेऊन उगवला, तो ऐन तासात. मी काही बोलणार एवढ्यात गवंडी कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, ही काय यायची वेळ झाली? केअरटेकर म्हणाला की ट्यूब स्टोअरमध्ये नाही, ऑर्डर टाकली आहे, सुटीचे दिवस होते. यावर बेकरीवाला, जो मला वाटलं झोपला आहे, डोळे न उघडता म्हणाला, कारणं नकोत, कधी ते सांगा. गवंडी म्हणाला, माझ्याकडे बघून बोला.

खणखणीत इंग्रजीत. एक चूक नाही.

केअरटेकर गेला आणि दहा मिनिटांत ट्यूब घेऊन आला. उजेड पडला, पण कोणत्या भाषेने! मी त्याच्यामागे कॉरिडॉरमध्ये जाऊन माफी मागितली. म्हटलं, माझ्या वर्गात असलं काही शिकवत नाहीत. त्याने शिडी खांद्यावर घेतली. मग म्हणाला, नाही का?

हे सगळं गिटारचं. टाळ्या वाजवायला लावल्या की माणसाची भीड चेपते, आणि भीड चेपली की जीभ सुटते.

रविवार, १६ ऑक्टोबर

ह्यांना केअरटेकरची गोष्ट सांगितली, चालीसकट. मशीन लावलेलं होतं. हसता हसता ह्यांना ठसका लागला, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. म्हणाले, ही भाषा मी ओळखतो. म्हटलं, कुठे ऐकलीत? म्हणाले, इथेच, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

ह्यांना हल्ली मशीन लावूनही नीट ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

सोमवार, १७ ऑक्टोबर

रंगीत तालीम. मी ऑफिसर झाले, टेबलामागे बसले. शिंपीण समोर. म्हटलं, बोल. तिने कागद काढला. ‘आपल्या’ म्हणाली. मग डोळ्यांतून पाणी. सगळा वर्ग खाली बघू लागला.

मी म्हटलं, रडून कोणाला घर मिळालेलं नाही. सरळ उभी राहा. मान वर. हात टेबलावर. आता सांग, तुला काय हवं आहे? गोल गोल फिरू नकोस. ती सरळ उभी राहिली, मान वर केली, हात टेबलावर ठेवले. एवढं जमलं. पुढचं वाक्य काही येईना. उरलेला वेळ मी तिच्या उभं राहण्यावरच खर्च केला.

निर्णय: बोलणार मी. संध्याकाळी आरशासमोर विनंतीपाठ सबंध म्हणून पाहिला. अप्रतिम झाला. आमचे इंग्रजीचे सर असते तर डोळे पुसले असते त्यांनी.

बुधवार, १९ ऑक्टोबर. रात्र नको, आत्ताच लिहिते, दुपारचे चार.

ऑफिस. नंबराची चिठ्ठी. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, एकीच्या खाली च्युइंगम, तिथेच माझा हात गेला. दोन तास. मग खिडकी. जाड काच, तोंडाच्या उंचीवर भोकं, आणि भोकांभोवती आधीच्या सगळ्या लोकांच्या श्वासांचा एक चिकट गोल डाग. तिथे ओठ न्यायचे! तरी नेले.

सुरुवात छान केली. काचेपलीकडची बाई म्हणाली, काय? मी पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणाली, मोठ्याने बोला. आता मी काही मोठ्याने बोलणारी बाई नाही. शिवाय हवा फार कोरडी होती तिथली. ‘बहुमोल वेळातला’ याच्या पुढे आवाज कुठे गेला कळलंच नाही. ती टाइप करता करता, मान वर न करता म्हणाली, पत्राने कळवू, पुढचा नंबर. मी थँक यू म्हटलं. शिष्टाचार म्हणून.

वळले, तर शिंपीण जागची हललेली नाही. पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढून तिने काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. आत भिंतीचा पोपडा, काळा, केस फुटल्यासारखा. वासाने मागचा माणूस दोन पावलं सरला. शिंपीण म्हणाली, हे काय आहे? याला तुम्ही भिंत म्हणता?

मला वाटलं जमीन दुभंगावी.

बाई म्हणाली, प्लंबर पाठवणार होते, त्यांचं वेळापत्रक… शिंपीण म्हणाली, कारणं नकोत. कधी ते सांगा. माझ्याकडे बघून बोला. बाईने टाइप करायचं थांबवून मान वर केली. शेजारच्या दोन खिडक्यांवरची माणसंही थांबली. आतून साहेब आला. आला तर आला, त्यालाही ही विचारते, ही काय यायची वेळ झाली? माझी मुलगी श्वास घेऊ शकत नाही. उन्हाळ्यापासून अर्ज पडून आहे. मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे कोण बघतं? नाव सांगा. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

हात टेबलावर. मान वर.

साहेबाने कॉलर सारखी केली. डबा बंद करायची विनंती केली. ती म्हणाली, आधी उत्तर. त्याने फाइल मागवली, उभ्या उभ्या वाचली, आत जाऊन आला. दुसरं कुटुंब तसं कोरड्या घरात आहे, त्यांना पुढच्या महिन्यात देता येईल, असं म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट हिला. सोमवारी किल्ली.

बाहेर आल्यावर शिंपिणीने डबा पिशवीत टाकला. तिने मला घट्ट मिठी मारली आणि रडत म्हणाली, टीचर, हे तुमच्यामुळे. मी समजले. एवढ्या उद्धटपणाची तिला लाज वाटली असणार आणि माझा मान राखायला बोलली. मीही मोठेपणाने विषय वाढवला नाही.

पोरगी कोरड्यात झोपणार, हे उत्तमच झालं. आनंद आहे. पण असल्या तोंडाने? शिसारी आली. आणि मला चांगलं ठाऊक आहे, ही शिकवणी कोणाची.

गुरुवार, २० ऑक्टोबर

सेंटरच्या मॅनेजरबाईंकडे जाऊन गिटारविरुद्ध रीतसर तक्रार केली. सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, ज्या पट्टीत झालं त्याच पट्टीत. मॅनेजरबाई ऐकता ऐकता खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, म्हणजे तिने एकटीने फ्लॅट मिळवला? म्हटलं, मुद्दा तो नाही. म्हणाल्या, आणि हे असं बोलायला त्याने शिकवलं? म्हटलं, शंभर टक्के. माझा यात सुतराम संबंध नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.

गिटार गुंडाळायची वेळ आली म्हणायची. आज झोप छान लागेल.

सोमवार, २४ ऑक्टोबर

माणसांची अक्कल कुठे जाते?

मॅनेजरबाई म्हणाल्या, वर्षभर आम्ही असा माणूस शोधतोय जो या लोकांना स्वतःच्या तोंडाने बोलतं करेल. सगळे शिक्षक येऊन स्वतःचंच कौतुक सांगतात. तुम्हाला तर तो गिटारवाला आवडतही नाही, तरी तुम्ही सांगितलंत, म्हणजे खरंच असणार. तर नवा वर्ग सुरू होतोय, आपलं म्हणणं मांडण्याचा. सोमवार-गुरुवार, तीन ते पाच. शिकवणार गिटार. खोली माझी. विद्यार्थी माझे. तुम्हीही आता जरा विश्रांती घ्या, बाई, असं वर म्हणाल्या.

गिटार जिन्यात भेटला. तोंड उतरलेलं. म्हणाला, काकू, अहो, मी फक्त रंग आणि फळं शिकवतो. हे तुमचं आहे. भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. मी सांगतो जाऊन त्यांना. मी म्हटलं, म्हणजे मी खोटी तक्रार केली, असं सांगणार का तू? तो एक पायरी खाली उतरला. म्हटलं, केलंस ते केलंस, वर नम्रपणाचं सोंग नको.

शिंपिणीला किल्ली मिळाली. पेढ्याची चव लागावी तसं तोंड करून सगळ्यांना दाखवत होती.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

वर्गाला बातमी कळली. तीन वाजता खोलीत एकही नाही. बघते तर अकराच्या अकरा मॅनेजरबाईंच्या दारात, बेकरीवाला सगळ्यांच्या पुढे. वेळेआधी आलेला, आयुष्यात पहिल्यांदा.

गवंडी म्हणत होता, हे कोणी ठरवलं? मॅनेजरबाई म्हणाल्या, गैरसमज होतोय, कमिटीचं असं आहे की… बेकरीवाला म्हणाला, कारणं नकोत. माझ्याकडे बघून बोला. शिंपीण पुढे झाली. म्हणाली, आम्हाला आमची टीचर पाहिजे. याला तुम्ही व्यवस्था म्हणता?

मॅनेजरबाईंचं तोंड एवढंसं झालं. बरं, बरं म्हणाल्या, बदल रद्द करू, राहू दे वर्ग आहे तसा. आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. गिटार मागे उभा होता, तो तर मान हलवून हलवून मला हो म्हणा, हो म्हणा असं खुणावत होता.

मी म्हटलं, गप्प! खाली बसा सगळे! खुर्च्या नव्हत्या, तरी चारपाच जण जमिनीवर बसले. मी मॅनेजरबाईंची माफी मागितली. सांगितलं, महिनाभर विनय शिकवून जर माझ्या वर्गाच्या तोंडी ही भाषा असेल, तर तो वर्ग माझा नव्हे. ज्याचा आहे त्याने घ्यावा. मी सोमवारी चार्ज देईन.

शिंपीण तेवढी माझ्याकडे बघत राहिली, एखादं वाक्य समजलं नाही की बघते तशी. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घरी आले. ह्यांनी मशीन लावलेलं होतं. विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही. म्हणाले, काहीच नाही? पुन्हा म्हटलं, काही नाही. जेवण होईपर्यंत ते मशीन चालू आहे का, हे बोटाने ठोकून बघत होते.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

चार्ज दिला. गिटारला पुढीलप्रमाणे सुपूर्द केलं:

कपाटाची किल्ली. कपाटाला लाथ मारल्याशिवाय ते उघडत नाही, हेही तोंडी सांगितलं. मार्कर, पैकी लिहिणारे थोडे. फडकं, मी स्वतः धुतलेलं. हजेरीपट. एक्स्टेंशन बोर्ड, दोरीने बांधलेला. विनंतीपाठाच्या उरलेल्या प्रती, कोऱ्या करकरीत.

विद्यार्थी अकरा, बोलते.

सगळं मिळालं, म्हणून त्याची सही घेतली.